खाली आहेत

१

घरं खाली करणं हे माझं काम. ऐकायला वाईट वाटतं, भाडेकरूंना हुसकावणाऱ्या गुंडासारखं, पण मी पालिकेचा साधा मुकादम आहे आणि ज्यांची घरं मी खाली करतो ते त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायला जातात. समुद्र गल्ल्यांमध्ये यायला लागला तेव्हा आधी भिंत बांधून झाली, मग पंप लावून झाले, मग तीच भिंत आणखी उंच करून झाली. शेवटी साहेब लोकांनी हात टेकले आणि ठरवलं, पाण्याशी भांडायचं नाही, त्याला वाट द्यायची. तळमजला पाण्याला, वरचा मजला माणसांना.

म्हणजे तळमजल्याची दारं-खिडक्या चौकटीसकट काढायच्या, विजेच्या तारा वर न्यायच्या, भिंतींना फरशीलगत ओळीने भोकं पाडायची. भरती आली की पाणी एका बाजूने आत येतं, दुसऱ्या बाजूने निघून जातं, भिंतीवर जोर येत नाही. लोक पहिल्या मजल्याच्या उंचीवर टाकलेल्या लोखंडी फुटपाथवरून ये-जा करतात. काम झालेली गल्ली पँट गुडघ्यापर्यंत दुमडून उभ्या राहिलेल्या माणसासारखी दिसते. सुरुवातीला मला त्याचं हसू यायचं. आता इतक्या गल्ल्या झाल्या आहेत की माझं मलाच कंटाळवाणं वाटतं.

भिंत फोडायचा ब्रेकर सुरू करायच्या आधी तळमजल्यात कोणी राहिलेलं नाही याची खात्री करावी लागते. लोकांचं काय सांगावं, काहीतरी विसरलेलं आठवतं आणि आतल्या जिन्याने पुन्हा उतरतात. एका घरातले जावईबापू तर संडासात निवांत बसले होते आणि बाहेरून भिंतीत ब्रेकर घुसला. त्यांना खरचटलंही नाही, पण त्या घरात माझ्या नावाने अजून बोटं मोडतात. तेव्हापासून मी पद्धत पाडली. आधी सगळ्या खोल्या स्वतः फिरायच्या. मग रस्त्यावर येऊन, वर बघून ओरडायचं, "खाली?" वरच्यांनी आपली माणसं बघायची आणि सगळी वर असली की ओरडायचं, "खाली आहे!" मी हात वर करतो, ब्रेकरवाला बटण दाबतो. घरातले सगळे आवाजाला कंटाळून बाहेर गेले असतील, वरून उत्तरच आलं नाही, तर थोडं थांबायचं, मीच म्हणायचं, "खाली आहे," आणि काम चालू करायचं.

आमच्या इंजिनियरबाई या शब्दावरून माझी थट्टा करतात. "खाली म्हणजे तळाला की खाली म्हणजे रिकामं?"

"आमच्याकडे दोन्ही एकच, मॅडम," मी म्हणतो.

२

आमच्या स्वतःच्या गल्लीचं काम निघालं तेव्हा मी माझं घर मुद्दाम शेवटी ठेवलं. गल्लीत त्यावरून बरीच टोमणेबाजी झाली. कारण आत्या होती, तिच्याकडे येतोच. पहिलं घेतलं ते शेजारचं, घड्याळकाकांचं. काकांचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान तळमजल्यावर होतं आणि त्यांच्या-आमच्या घरांमध्ये भिंत एकच. लहानपणी मी त्या भिंतीला कान लावून टोल मोजायचो.

दुपारची वेळ होती. मी दुकान पाहिलं, मधली खोली पाहिली, स्वयंपाकघर, मागची मोरी. दुकानाच्या भिंतीवर घड्याळं काढून नेलेल्या जागी फिकट गोल उरले होते. एवढ्या वर्षांनी ती खोली गप्प होती याचं मला जरा वाईट वाटलं. मी बाहेर आलो आणि हाक दिली, "खाली?"

उत्तर आलं, "खाली आहेत!"

माझा हात अर्ध्यावर थांबला. ब्रेकरवाल्याने कंटाळून विचारलं, "काय झालं?"

"आहेत म्हणाल्या काकू."

"आहे म्हणाल्या."

"नाही रे. शेवटी त होता."

मी पुन्हा आत गेलो. खोल्या होत्या तशाच होत्या. मोरीचं दार उघडून पाहिलं, माळ्यावर टॉर्च मारला. कोणी नव्हतं. फक्त मी आत पाऊल टाकलं तेव्हा, आपण खोलीत शिरताच बोलणारी माणसं थांबतात, तसं क्षणभर वाटलं. मी मनातल्या मनात स्वतःला दोन शिव्या दिल्या आणि जिन्याने वर गेलो. काकू कपड्यांच्या घड्या घालत होत्या. काका खिडकीशी भिंग लावून बसले होते.

"काकू, खाली कोण आहे?"

"कोणी नाही रे बाबा. आम्ही दोघं इथेच आहोत की."

"तुम्ही आहेत म्हणालात."

"मी कुठे म्हणाले? ह्यांनी उत्तर दिलं. अहो, तुम्ही ओरडलात ना?"

"मी कशाला ओरडू?" काका भिंग न काढता म्हणाले. "ह्याच्या त्या ब्रेकरने माझे कान गेलेत. मला हाकच ऐकू आली नाही."

काकूंनी हातातली चादर मांडीवर ठेवली. "खरं सांगू का," त्या म्हणाल्या, "मी उत्तर द्यायला तोंड उघडलं होतं. तेवढ्यात उत्तर आलंच. मला वाटलं, ह्यांनीच दिलं."

तिघंही एकमेकांकडे बघून हसलो. खाली ब्रेकरवाला शिट्ट्या मारत होता. मी उतरलो, हात वर केला आणि काम सुरू झालं.

३

आई गेल्यावर मला आत्याने वाढवलं. ती शाळेत भाषा शिकवायची. निम्म्या शहराच्या कानाला तिची बोटं लागलेली आहेत. आता तिचे गुडघे गेले आहेत आणि तिच्याहून मोठं गल्लीत कोणी उरलेलं नाही. ती कोणालाच अहो-जाहो करत नाही. पालिकेच्या आयुक्तालाही "तो" म्हणते, कारण त्याला तिने एकदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. मला ती बारक्या म्हणते. माझी पन्नाशी उलटली आहे.

तिची खोली आमच्या तळमजल्यावर, रस्त्याच्या बाजूला. तिचा पलंग घड्याळकाकांच्या सामाईक भिंतीला टेकून. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला खिडकीतून हाक मारायची, चौकशी करायची, त्याच्या वाक्यातली चूक काढायची, हा तिचा दिनक्रम. तो सोडून वर यायला ती तयार नव्हती.

"एकदा वर गेले की मी खाली येणार ती खांद्यावरूनच," ती म्हणायची. "मग घाई कशाला?"

घाई होती. इंजिनियरबाईंनी मला भिंतीचं चित्र काढून दाखवलं होतं. शेजारच्या घरात आता पाणी येणार, आमच्यात नाही. भिंतीच्या एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला हवा. महिन्यातल्या सगळ्यात मोठ्या भरतीला ती भिंत ढकलली जाणार, आणि पडली तर आत्याच्या अंगावर. तोपर्यंत आमचा तळमजला उघडायलाच हवा होता.

"आत्या, तुला वर काही होणार नाही," मी म्हणालो. "मी सांगतो ना."

"तू सांगतोस म्हणूनच भीती वाटते," ती म्हणाली.

बायको ताटं वाढत होती, ती गालात हसली. बायको आणि आत्या यांचं माझ्याविरुद्ध कायम एकमत असतं.

जेवताना मी काकूंच्या घरचा किस्सा सांगितला. मला वाटलं दोघी हसतील. बायको हसली. आत्याने घास खाली ठेवला.

"आहेत म्हणजे कोण आहेत?" तिने विचारलं. "वाक्याला कर्ता नाही."

"खोल्या असतील. खोल्या खाली आहेत."

"असेल. किंवा एकच माणूस असेल, वडीलधारं. त्याला आपण आहेतच म्हणतो. किंवा पुष्कळ माणसं असतील." ती विचार करत राहिली. "आपल्या भाषेत हीच गंमत आहे, बारक्या. एक मान्यवर आहे की मोठा घोळका आहे, हे नुसत्या ऐकण्यावरून कळत नाही. डोळ्यांनी बघावं लागतं."

"बघितलं मी. कोणी नव्हतं."

"मग तू नीट ऐकलं नसशील," आत्या म्हणाली आणि जेवायला लागली.

४

त्यानंतर तो त मला वरचेवर ऐकू यायला लागला. प्रत्येक घरात नाही. कधी लागोपाठ काही घरं नीट जायची, आणि मग एखादा माणूस माझ्या डोळ्यांदेखत खिडकीतून वाकून "खाली आहे!" म्हणायचा आणि त्याचं तोंड मिटल्यावर मागून त यायचा. तो त वरून येत नव्हता. माझ्या समोरून, काढलेल्या दाराच्या चौकोनातून यायचा.

मी स्वतःला समजावत होतो. दिवसभर ब्रेकरच्या शेजारी उभं राहणाऱ्या माणसाचे कान कसे शाबूत राहतील? रिकाम्या खोल्यांत आवाज घुमतोच. शिवाय मी थकलो होतो. आम्ही सगळेच थकलो होतो. एक गल्ली वर उचलावी तर पुढची गल्ली ओली होते; एवढं करून किती वर्षं पुरणार, असं इंजिनियरबाईंना विचारलं तर त्या उत्तराच्या ऐवजी चहा मागवतात. अशा माणसाला एखादं अक्षर जास्त ऐकू आलं तर त्यात नवल काय? पण मी प्रत्येक घरात पुन्हा पुन्हा फिरू लागलो, माळे तपासू लागलो, आणि काम रखडायला लागलं.

शेवटी इंजिनियरबाईंनी मला बाजूला घेतलं. त्यांना मी अर्धंच सांगितलं, शब्दाचा घोळ होतो एवढंच.

"मग खालचं विचारूच नका ना," त्या म्हणाल्या. "वरचं विचारा. माणसं वर आहेत का, एवढंच आपल्याला हवंय."

किती साधी गोष्ट! दुसऱ्या दिवसापासून मी हाक बदलली. "वर?" असं ओरडायचं. वरून सगळ्यांनी म्हणायचं, "आहोत!" उत्तर आलं नाही तर वर कोणी नाही असं धरायचं, जरा थांबायचं, "खाली आहे" म्हणायचं आणि सुरू करायचं. लोकांनाही ते आवडलं. पोरंटोरं खिडक्यांत गोळा होऊन एका सुरात "आहोत" ओरडायची. त गेला तो गेलाच. माझा जीव भांड्यात पडला.

एकदाच, एका घराचं काम संपवून निघताना, उघड्या तळमजल्यातून कोणीतरी हळूच "वर" असं म्हटल्यासारखं वाटलं, लहान मूल नवा शब्द तोंडात घोळवून बघतं तसं. रस्त्यावर चिक्कार गोंगाट होता. मी मागे वळून बघितलं नाही.

५

आत्याला आम्ही खुर्चीत बसवून वर नेलं. ब्रेकरवाला आणि त्याचा जोडीदार पुढे-मागे, मी बाजूने आधार द्यायला, बायको वरून सूचना द्यायला. जिना अरुंद. आत्या खुर्चीत ताठ बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती.

"डावीकडे घ्या. डावीकडे म्हणजे माझ्या डावीकडे. तुम्हाला शाळेत दिशा शिकवल्या नव्हत्या का?"

"आत्या, तुम्ही बोलू नका, हसून माझा हात सुटेल," ब्रेकरवाला म्हणाला.

अर्ध्या जिन्यावर तिने थांबायला सांगितलं. तिथून तिची खोली दिसत होती. पलंग गेला होता, पुस्तकांची फळी गेली होती, खिडकीची चौकट काढल्यामुळे रस्ता एकदम आत आल्यासारखा वाटत होता. मला वाटलं ती रडेल. मला स्वतःलाच गलबलून आलं होतं. त्याच खोलीत तिने माझ्याकडून पाढे पाठ करून घेतले होते. ती काही क्षण बघत राहिली. मग तिने ओळखीचं माणूस दिसल्यावर करतात तशी किंचित मान हलवली.

"कोणाला मान हलवलीस?" मी विचारलं.

"चला वर," ती म्हणाली. "ह्या पोरांचे हात दुखत असतील."

वर तिची खुर्ची आम्ही जिन्याच्या तोंडाशी ठेवली, कारण तिथून खिडकीही जवळ होती आणि बायकोला स्वयंपाकघरातून तिच्याकडे लक्ष ठेवता येत होतं. जागा तिला पसंत पडली. मलाही बरं वाटलं, कारण काहीही झालं तरी आत्या आता वर होती आणि भिंत पडली तरी तिच्या अंगावर पडणार नव्हती.

६

भोकं पाडायची राहिली होती, ती मोठ्या भरतीच्या दिवशी सकाळी पाडायला घेतली. दुपारी भरती पूर्ण चढणार होती. इंजिनियरबाई स्वतः आल्या होत्या. मुकादमाचं घर आहे, बघायला हवं, म्हणाल्या. मी खोल्या फिरलो, रस्त्यावर आलो, वर बघितलं.

"वर?"

"आहोत!" आत्याचा आवाज आला. वर्गातल्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज. आणि मग, एखादं वाक्य नीट पूर्ण करावं तसं तिने म्हटलं, "आणि खाली आहेत."

ब्रेकरवाला खो खो हसला. "आत्यांनी व्याकरण काढलं!"

मला हसू आलं नाही. मी आत धावलो. तिची खोली, मधली खोली, मोरी, जिन्याखालची जागा. कोणीही नव्हतं. मी जिना चढून वर गेलो तेव्हा धापा टाकत होतो. आत्या खुर्चीत शांत बसली होती. बायको गच्चीवर होती. तिच्या चपलांचा आवाज डोक्यावर येत होता.

"आत्या, काय बोललीस?"

"तू विचारलंस, मी सांगितलं."

"मी वरचं विचारलं होतं."

"अर्धवट विचारलंस."

"खोल्या म्हणायचंय का तुला? खोल्या खाली आहेत?"

"मी खोल्यांबद्दल बोलत नाहीये."

"मग कोणी वडीलधारं आहे का? कोणाला आहेत म्हणतेस तू?"

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी वर्गात मूर्खासारखा प्रश्न विचारला की ती अशीच बघायची, रागावून नाही, थकून. "मला वडीलधारं आता कोण उरलंय, बारक्या?" ती म्हणाली.

खालून इंजिनियरबाई ओरडल्या, पाणी कोपऱ्यापर्यंत आलंय. मी खिडकीत गेलो. गल्लीच्या तोंडाशी पाण्याची कड दिसत होती, कचऱ्याची झालर घेऊन सरकत येत होती. भोकं पाडली नाहीत तर भिंत जाणार, भिंत गेली तर दोन्ही घरं जाणार. विचार करायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर ताकदही नव्हती. मी तिथूनच हात वर केला. ब्रेकर सुरू झाला आणि आमचं घर पायापासून थरथरलं.

काम जेमतेम संपलं. माणसं फुटपाथवर चढली आणि पाणी आमच्या तळमजल्यात शिरलं. कुठेही भिंतीला तडा नाही, कुठेही जोर नाही. इंजिनियरबाई खूश होऊन गेल्या. मी आतल्या जिन्याच्या मधल्या पायरीवर उभा राहून बघत होतो. कौतुकानेच बघत होतो, कारण काम नेटकं झालं होतं. पाणी कमरेइतकं चढून थांबलं. त्यावर गल्लीतला कचरा तरंगत होता, पानं, बाटल्यांची झाकणं, थर्माकोलचे कण, पिवळा फेस. सगळ्या खोलीभर तो सारखा पसरला होता.

पण सगळीकडे नाही. मधे मधे गोल मोकळ्या जागा होत्या. पाण्यात खांब असला की कचरा त्याला वळसा घालतो आणि त्याची जागा मोकळी सोडून वाहतो, तसे ते गोल होते. आत्याच्या खोलीत एकही खांब नाही. मी ते मोजायला लागलो आणि मग मोजणं सोडून दिलं. काही रुंद होते, काही अरुंद. एका रुंद गोलाला चिकटून एक अगदी लहान गोल होता.

वारा असेल, मी म्हणालो. भोकांतून येणारा प्रवाह असेल. दुसऱ्यांदाही मी तेच म्हणालो. मग तो लहान गोल जिन्याच्या दिशेने थोडासा सरकला आणि रुंद गोल त्याच्या मागोमाग सरकून थांबला, रस्त्यात पोराचा हात धरून कोणी थांबवतं तसा. मी पाठमोरा न होता एक एक पायरी वर आलो आणि आत्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलो.

"बघितलेस?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

७

भरती रोज येते. ती कधी सकाळी असते, कधी दुपारी, रोज थोडी पुढे सरकते. गल्लीला सवय झाली आहे. पाणी येतं, जातं, भिंती उभ्या आहेत. दुसऱ्या शहरांतले लोक आमचं काम बघायला येतात आणि फोटो काढून घेऊन जातात.

पाणी पूर्ण चढलं की आमच्या जिन्यातून हाक येते.

"वर?"

माझाच सूर आहे तो. शेवटी किंचित ओढायचा आणि सोडून द्यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी हातातला चहा सांडला. आत्याने खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून ठणठणीत उत्तर दिलं, "आहोत!" खाली जरा वेळ काही नाही, मग पाणी ओसरायला लागल्याचा आवाज.

"विचारतात तरी," ती मला म्हणाली. "आगाऊपणे चढून येत नाहीत. पद्धतशीर आहेत. तूच शिकवलंस."

बायकोला ती हाक ऐकू येत नाही. आत्या आपल्याशीच बोलतेय असं तिला वाटतं, वय झालं म्हणते. मी तिला काही सांगितलेलं नाही. ती दिवसभर कामावर असते, मीही असतो, आणि भरतीला दिवसरात्रीचा विधिनिषेध नाही. माझ्या घरात कोणीतरी उत्तर देतंय एवढ्यावर मी रोज डबा घेऊन बाहेर पडत होतो. आत्या होती म्हणून मला ते जमत होतं. मी तिला वर नेऊन वाचवलं असं मी लोकांना सांगायचो, आणि ती जिन्याच्या तोंडाशी बसून आम्हाला सांभाळत होती.

या आठवड्यात तिचा घसा बसला. आधी खरखर होती, त्यातून उत्तर कसंबसं जायचं, आणि आज सकाळपासून नुसती हवा. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, बोलणं बंद ठेवा, आवाज परत येईलच असं नाही. हे ऐकून बायको हळूच म्हणाली, आता गल्लीतले लोक मोकळेपणाने चुकीचं बोलतील. आत्या आवाज न काढता हसली. नंतर तिने माझं मनगट धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही.

आज सुट्टी होती म्हणून मी घरी होतो. दुपारच्या उजेडात पाणी चढलं. हाक आली. आत्याने तोंड उघडलं, मानेच्या शिरा ताणल्या, आणि काहीच आलं नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मीच जिन्यात वाकून ओरडलो, "आहोत!" माझा आवाज चिरकला, पण पोचला. पाणी जिन्याला लागून चुळबुळलं आणि गप्प झालं.

मी सुटलो म्हणून श्वास सोडला. तेवढ्यात तीच हाक भिंतीपलीकडून आली, घड्याळकाकांच्या घरातून.

"वर?"

काका-काकू चार दिवसांसाठी मुलीकडे गेले आहेत. घराला कुलूप आहे, किल्ली माझ्याकडेच आहे. मला कळायला हवं होतं, मी धावत फुटपाथवरून त्यांच्या घरात जाऊन उत्तर द्यायला हवं होतं, पण मी भिंतीला कान लावून उभा राहिलो, लहानपणी टोल ऐकायला राहायचो तसा. पलीकडे कोणी उत्तर दिलं नाही. मग शांतता. मला ती शांतता चांगली माहीत होती. मी स्वतः प्रत्येक घराबाहेर बरोबर तेवढाच वेळ थांबतो.

मग भिंतीपलीकडे कोणीतरी, दिवसभराचं काम उरकत आल्यासारखं, म्हणालं, "खाली आहे."

त्यात त नव्हता.

आणि काकांच्या जिन्यावर ओली पावलं चढायला लागली. पुष्कळ पावलं होती. वर पोचून ती खोल्यांमध्ये पांगली, सामान सरकवल्याचे आवाज आले, आणि कोणीतरी आमच्या बाजूच्या भिंतीला टेकून बसलं.

आत्याने तोंडावर बोट ठेवून मला गप्प राहायला सांगितलं, आणि मग तेच बोट जिन्याकडे दाखवलं. उद्याची भरतीही दुपारीच आहे. दुपारी आम्ही दोघंही कामावर असतो, आणि घरात आत्या एकटी असते.